सोयाबीनचे भूमिगत सोबती

सन २०२३ चा ऑगस्ट हा, १९०१ पासूनच्या नोंदींत, तोंवरचा भारतांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नेमक्या त्याच दिवसांत सोयाबीन फुलांशेंगांवर येतें, आणि पाण्याची ओढ या पिकास सर्वांत अधिक बाधते तीही तेव्हांच. सन १९३५ मध्यें वर्ध्याच्या मगनवाडींत गांधीजींनीं सोयाबीनचा आहारांत प्रयोग करविला, तेव्हां तें एक नवल होतें. आज मराठवाडा-विदर्भांतील पुष्कळ कुटुंबांची वर्षाची रोकड त्यावर अवलंबून आहे. ज्या वाचकांची जमीन गांवीं भाऊबंद कसतात, त्यांच्या घरीं पेरणीपूर्वीं एक प्रश्न हटकून निघतो: बियाण्यास जंतूंची पुडी चोळल्यानें पीक अवर्षणांत तगतें, हें खरें काय?

सोयाबीनचें रोप हलकेच उपटल्यास मुळांवर गांठी दिसतात; नखानें फोडल्या तर आंतून तांबूस निघतात. हा रंग आपल्या रक्तांतील रंजकाच्या जातीच्या द्रव्याचा असून, गांठ कामांत असल्याची ती खूण होय. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनीं सन १८८८ मध्यें अशा गांठींतील जंतु वेगळे काढले. ते हवेंतील नत्र रोपास देतात आणि मोबदला म्हणून पानांनीं केलेली साखर घेतात. गोम अशी कीं, पाऊस लांबला म्हणजे पान सुकण्यापूर्वींच ही देवघेव मंदावते. ज्या सोबत्यावर भिस्त, तोच आधीं हात आखडतो!

मग तगवितात कोण? मुळांशीं घरोबा करणाऱ्या कांहीं बुरशी आहेत. त्यांचे तंतु केसाहून बारीक असल्यानें, जेथें मूळ शिरत नाहीं त्या फटींतील ओल व स्फुरद ते आणून देतात. कांहीं जंतु बुळबुळीत द्रव्य स्रवतात, त्यामुळें मुळांभोंवतालची माती ओल धरते. आणखी कांहींची करामत तर गमतीची आहे. ताण पडतांच रोप इथिलीन वायु अधिक करूं लागतें (आंबे पिकविणारा वायु तो हाच) आणि त्यानें मुळांची वाढ खुंटते. हे जंतु त्या वायूचा कच्चा मालच खाऊन टाकतात. कॅनडांतील ग्लिक व त्यांचे सहकारी यांनीं सन १९९८ मध्यें ही उपपत्ति मांडली.

तथापि कुंडींत साधलें तें रानांत साधेलच असें नव्हे. तेथें जुने जंतु आधींच ठाण मांडून असतात; नवागतांस जागा मिळणें कठीण. शिवाय विरजण मेलेलें असेल तर दूध कितीही चांगलें असो, दहीं लागत नाहीं, हें गृहिणींस सांगावयास नको. पत्र्याखालीं तापलेल्या दुकानांतील पुडीची गत तीच. आमच्या मतें, पुडीच्या भरंवशावर शेततळें किंवा शेणखत यांचा खर्च टाळणें हा निव्वळ जुगार होय. जंतु ओल वांचवितात, पाणी निर्माण करीत नाहींत.

पुडी घ्यावयाचीच तर मुदत पाहून घ्यावी. सामान्यतः दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम हें प्रमाण सांगतात. बुरशीनाशक लावावयाचें असल्यास तें आधीं. तें सुकल्यावर जंतु. बियाणें सावलींत वाळवून त्याच दिवशीं पेरावें. सुमारें चाळीस दिवसांनीं निरनिराळ्या ठिकाणचीं चार-पांच रोपें उपटून गांठी फोडून पाहाव्यात, आणि शेजारीं पुडी न लावलेली एखादी ओळ मुद्दाम ठेवली असल्यास तींतल्याही.