दहापैकी ६



पाण्याचं फिल्टर दुरुस्त करून माणूस जिना उतरतो न उतरतो तोच मोबाईलवर मेसेज: आमची सेवा इतरांना सुचवाल का? ० ते १० गुण द्या. आपण शाळेच्या सवयीने ६ देतो. ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास! पण अनेक कंपन्या २००३ साली फ्रेड रायकहेल्ड यांनी मांडलेला हिशोब धरतात. त्यात ९-१० म्हणजे खूश, ७-८ जमेतच नाहीत, ६ आणि खाली सगळे नाराज. सुटा भाग उशिरा आला तो कंपनीमुळे, पण हे गुण बरेचदा चढतात त्या कारागिराच्या नावावर.

काहीजणी म्हणतात, सरसकट १० द्या, कुणाच्या पोटावर पाय नको. मला ते पटत नाही. सत्याणुव्रतात खोटं वर्ज्य आहेच. पण समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दुसऱ्यावर संकट आणणारं खरंही वर्ज्य सांगितलंय. म्हणून मी गुण त्या माणसाच्या कामाला देते आणि खालच्या चौकटीत, चक्क मराठीत, लिहिते: "काम चोख. भाग मिळायला ८ दिवस लागले, ती चूक ऑफिसची."

आणि हो, मेसेजने ओटीपी मागितला तर गुणबिण काही देऊ नका.