बदली नटाचा प्रयोग : संगीत नाटकाच्या अभ्यासाचे एक दुर्लक्षित साधन

मराठी संगीत नाटकाविषयीच्या आपल्या लेखनात एक गोष्ट नेहमी गृहीत धरलेली असते. नाटकाचा खरा प्रयोग म्हणजे त्याचा पहिला प्रयोग आणि त्याचे खरे नट म्हणजे त्या प्रयोगात रंगभूमीवर आलेले नट, अशी ती समजूत होय. छापील आवृत्त्यांच्या आरंभी पहिल्या प्रयोगाची पात्रयोजना दिलेली असते. प्रबंधांतून तीच उद्धृत होते आणि विद्यार्थी उत्तरपत्रिकेत तीच लिहितात. पुढे त्या नाटकाचे शेकडो प्रयोग झाले असतील आणि त्यांत प्रमुख भूमिका कितीतरी जणांनी केल्या असतील. त्यांची नोंद मात्र क्वचितच आढळते. नेहमीचा नट आजारी पडला, अन्यत्र गुंतला, मंडळी सोडून गेला किंवा निवर्तला म्हणून जो त्याच्या जागी उभा राहतो, त्याला आपण ‘बदली नट’ म्हणतो. त्या शब्दातच उणेपणाचा सूर आहे. प्रेक्षक त्याला चालवून घेतो आणि समीक्षक त्या प्रयोगाला जाणेच टाळतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. संगीत नाटकात संहितेचे काय, संगीतकाराचे काय आणि गायकनटाचे काय, हे वेगळे करून पाहावयाचे असेल, तर प्रमुख भूमिकेत बदली नट असलेला प्रयोग हे अभ्यासकाच्या हातातील सर्वांत विश्वसनीय साधन आहे.

प्रथम थोडा भेद करणे अगत्याचे आहे. ‘बदली’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक, भूमिकेचा वारसदार : मूळ नट गेल्यावर किंवा निघून गेल्यावर ती भूमिका कायमची स्वीकारणारा. दोन, पर्यायी नट : दौऱ्यावर किंवा ठरावीक प्रयोगांना मूळ नटाऐवजी उभा राहणारा. तीन, ऐनवेळचा नट : सायंकाळी निरोप आल्यावर रात्री तोंडाला रंग लावणारा. पहिल्याला काळ प्रतिष्ठा देतो, दुसऱ्याला जाहिरातीत कोपरा मिळतो आणि तिसऱ्याचे नाव तिकीटबारीवरील खडूच्या फळ्यावर एका रात्रीपुरते राहते. परंतु तिघांपुढील प्रश्न एकच असतो. प्रेक्षकाच्या कानात आधीच वसलेल्या एका आवाजाच्या जागी त्यांना आपला आवाज ठेवावयाचा असतो.

इतिहास पाहिला तर ही परंपरा बदलीवरच उभी आहे, असे दिसते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा शकुंतलेच्या भूमिकेत शंकरराव मुजुमदार होते. १८८२ साली भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले आणि ती भूमिका त्यांच्याकडे गेली. त्यांच्या गळ्याने सारा महाराष्ट्र वेडावला. भाऊराव १९०१ साली निवर्तले. पुढे १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या नारायण श्रीपाद राजहंस या तरुणाला शकुंतलेच्याच भूमिकेत उभे करण्यात आले. आज बालगंधर्वांना कोणी बदली नट म्हणणार नाही. परंतु त्या रात्री ज्या प्रेक्षकांच्या कानात भाऊराव होते, त्यांच्या दृष्टीने ते दुसरे काय होते? आपण ज्यांना भूमिकेचे मूळ धनी समजतो, त्यांतील अनेक जण असे नंतर आलेले आहेत. मूळपण हे बहुधा मागाहून, रसिकांच्या स्मरणात तयार होते.

या प्रश्नाला संस्थांच्या आयुष्याचीही बाजू आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला संयुक्त ‘मानापमाना’चा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे : बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव निवर्तले. त्यांची ‘ललितकलादर्श’ त्यांच्याबरोबर संपली नाही. बापूराव पेंढारकरांनी मंडळीची आणि गायकनटाची अशी दोन्ही धुरा उचलली आणि मामा वरेरकरांच्या ‘सत्तेचे गुलाम’सारख्या नव्या नाटकांनी तिला नवे वळण दिले. गंधर्व नाटक मंडळीची गोष्ट निराळी आहे. तेथे नायकाच्या भूमिकांत बदल होत राहिले. गोविंदराव टेंबे गेले, पुढे विनायकराव पटवर्धन आले. नायिकेच्या भूमिकेला मात्र पर्याय उभा राहिला नाही. कर्ज, डामडौलाचा खर्च आणि बोलपटांचे आक्रमण ही त्या मंडळीच्या ऱ्हासाची कारणे खरीच आहेत. तथापि, ज्या संस्थेचे सर्वस्व एका गळ्यात साठवलेले असते, ती त्या गळ्याबरोबरच थकते, हेही तितकेच खरे. १९३५ साली बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात दिसले, तेव्हा रंगभूमीवरील त्यांची जागा भरून काढणारा कोणी मंडळीने घडविलेला नव्हता.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बदली नट अभ्यासकाला नेमके काय दाखवतो?

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सौभद्रा’चा प्रयोग पाहण्यात आला. कृष्णाची भूमिका करणारे नामांकित गायक येऊ शकले नव्हते आणि एरवी लहानसहान कामे करणारा एक नट त्या जागी उभा होता. प्रेक्षागृहात प्रारंभी नाराजीची कुजबुज होती. त्याची तान बेताची होती आणि ते तो जाणून होता. त्यामुळे पद तो दोनच आवर्तनांत आटोपता घेई आणि गद्याकडे वळे. दुसऱ्या अंकापर्यंत एक वेगळेच नाटक दिसू लागले. सुभद्रेचे लग्न कोणाशी व्हावे हे मनाशी पक्के ठरवून, वडीलधाऱ्यांपुढे काहीच ठाऊक नसल्याचा आव आणणारा, घरातल्या घरात डाव मांडणारा किर्लोस्करांचा कृष्ण त्या रात्री लख्ख दिसला. पौराणिक नावांआडून १८८२ सालच्या मराठी घराचे चित्र किर्लोस्करांनी रंगविले, हे आपण वर्गात सांगतो. ते प्रयोगात दिसण्यासाठी गाणे थोडे मागे सरावे लागले. पुष्कळदा थोर गायकाच्या प्रयोगात पद संपेपर्यंत प्रसंगच विसरलेला असतो. येथे पद प्रसंगात राहिले.

याचा अर्थ असा नव्हे की, कमी गाणे म्हणजे चांगले नाटक. बदली नटाने सर्वच संहिता सारख्या उजळत नाहीत, आणि अभ्यासकाला मोलाची आहे ती हीच विषमता. देवलांची ‘शारदा’ किंवा ‘संशयकल्लोळ’ कोणाही जाणत्या नटसंचाच्या हाती उभी राहते. कारण तेथील पदे संवादाच्या पोटातून येतात आणि फाल्गुनराव किंवा भुजंगनाथ यांचे बळ गद्यात आहे. ‘स्वयंवरा’चे तसे नाही. १९१६ सालच्या त्या नाटकात खाडिलकरांनी रुक्मिणीची भावावस्था मुख्यतः भास्करबुवा बखल्यांच्या चालींवर सोपविली आहे. तेथे गळा उणा पडला की, संहितेतील पोकळी उघडी पडते. ‘मानापमान’ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे : धैर्यधराचे गाणे साधारण झाले, तरी धन आणि शौर्य यांच्यातला मूळ झगडा तग धरतो, भामिनीचे साधारण झाले, तर तिचे मनःपरिवर्तन पटत नाही. कोणत्या नाटककाराने आपल्या पात्राचा किती भार संगीतावर टाकला होता, हे मोजण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. वाचनाने ते कळत नाही, कारण वाचताना पदे आपण मनातल्या मनात मूळ गायकाच्याच आवाजात ऐकत असतो.

संहितेच्या अभ्यासकालाही येथे काम आहे. बदली नट आला की, रंगावृत्ती बदलते. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत, ती सर्व कोणत्याच प्रयोगात आज म्हटली जात नाहीत. कोणती गाळावयाची, हे पुष्कळदा त्या रात्रीचा गळा ठरवतो. ऑर्गनवाल्याला पट्टी बदलावी लागते, तबला दुसरा लावावा लागतो, आणि दोघांनी मिळून म्हणावयाच्या पदात एकाला दुसऱ्याच्या स्वरासाठी तडजोड करावी लागते. गाळलेल्या पदाच्या जागी एखादे वाक्य येते, ते पुढच्या प्रयोगातही टिकते आणि काही वर्षांनी ते मूळचेच वाटू लागते. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची प्रथा मावळली आणि रुक्मिणी, सुभद्रा, भामिनी या भूमिका जयमाला शिलेदारांसारख्या गायिकांकडे आल्या, तेव्हा तर हा बदल एका नटापुरता न राहता साऱ्या भूमिकांच्या स्वरूपालाच व्यापून राहिला.

बदली नटाचा खरा प्रतिस्पर्धी मूळ नट नसून त्याची ध्वनिमुद्रिका असते. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगभूमीवर तेच पद ‘वन्समोअर’सह कितीतरी वेळ चाले. म्हणजे ज्याला आपण मूळ गायकी म्हणून प्रमाण मानतो, तो तबकडीच्या मापाने कातरलेला अर्क आहे. गौहरबाई कर्नाटकींनी बालगंधर्वांच्या गायकीचा ध्यास घेतला, त्यात या ध्वनिमुद्रिकांचा वाटा मोठा होता. त्या अर्काबरहुकूम गाणाऱ्याला आपण ‘हुबेहूब’ म्हणून दाद देतो, आणि त्याच पदात स्वतःची जागा शोधणाऱ्याला ‘ती मजा नाही’ म्हणून मोडीत काढतो. बदली नटाला नक्कल करण्यावाचून दुसरा मार्गच आपण ठेवत नाही, आणि मग तो नक्कल करतो म्हणून त्याला नावे ठेवतो.

‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकात जितेंद्र अभिषेकींच्या संगीताला वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब लाभला. वसंतराव १९८३ साली गेले. पुढे ही भूमिका चारुदत्त आफळे यांनी केली आणि २०१० च्या पुनरुज्जीवनात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. दोघांनाही रसिकाश्रय मिळाला. तथापि, नातवाच्या गाण्यात आजोबा भेटल्याचे जे समाधान प्रेक्षकांनी बोलून दाखविले, ते विचार करण्याजोगे आहे. नाटकाचा विषयच मुळी विद्या कोणाची, हा आहे. घराण्याची विद्या परक्याला द्यावयाची नाही, असे खाँसाहेब म्हणतात आणि सदाशिव ती चोरून ऐकून आत्मसात करतो. नाटक सदाशिवाच्या बाजूने उभे राहते. प्रेक्षक मात्र प्रेक्षागृहात बसून रक्ताच्या वारशाचीच खूण शोधतो. यात नातवाच्या गुणवत्तेला उणेपणा नाही. त्याचे गाणे स्वतःच्या बळावर उभे आहे. परंतु वारस नसलेल्या गायकनटाला जे ऋण चुकवावे लागते, ते यातून स्पष्ट होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळण्यासारखा नाही. काही भूमिका विशिष्ट गळा डोळ्यांपुढे ठेवूनच रचलेल्या असतात. तो गळा नसेल तर प्रेक्षकाने पूर्ण तिकीट का द्यावे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रथम निर्मात्याने द्यावयाचे आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या संगीतिकांत प्रमुख भूमिकेचा पर्यायी नट आधीच ठरलेला व तालीम दिलेला असतो. तो बहुधा त्याच नाटकात लहान काम करीत असतो. त्याचे नाव पत्रिकेत छापतात आणि तो उभा राहणार त्या दिवशी प्रेक्षकाला तसे कळवितात. आपल्याकडे जाहिरातीत मोठे नाव तसेच ठेवून ऐनवेळी दुसऱ्याला पुढे करण्याचे प्रकार घडतात. मग फसवणुकीचा राग प्रेक्षक काढतो तो निर्मात्यावर नव्हे, तर समोर उभ्या असलेल्या नटावर. ज्याने चार दिवसांत भूमिका पाठ केली, त्याच्या पहिल्याच पदाला थंड शांतता मिळावी, हा दोष त्याचा नाही. नाव आधी जाहीर करणे, तालमीचा मोबदला देणे आणि पत्रिकेत उल्लेख करणे एवढे झाले, तरी हा आक्षेप पुष्कळ सौम्य होईल.

विद्यापीठांतील आपल्यासारख्यांनी काय करावे, हा प्रश्न उरतो. संगीत नाटकावरील प्रबंधात पहिल्या पात्रयोजनेबरोबर पुढील पात्रयोजना, त्यांच्या तारखा आणि ठिकाणे यांचीही नोंद असावी. जुन्या वृत्तपत्रांतील जाहिराती आणि हस्तपत्रके यांतून ती पुष्कळ मिळते. मंडळींच्या व नाट्यसंस्थांच्या जुन्या वह्यांत पदांवर मारलेल्या काटांना पाठचिकित्सेचे साधन मानावे. एम. ए.च्या विद्यार्थ्यांना एकाच नाटकाचे दोन भिन्न नायकांचे प्रयोग पाहून तुलना लिहावयास सांगावे. नाटकाचे रूप त्यांना त्यातून अधिक चांगले कळेल. आणि ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भूमिका सांभाळल्या, अशा नटांच्या मुलाखती ते हयात असेपर्यंत घ्याव्यात. भूमिका बाहेरून कशी शिकावी लागते, कोणती जागा घेता येते आणि कोणती येत नाही, हे त्यांच्याइतके मूळ नटालाही ठाऊक नसते.

संगीत नाटक संपले, असे गेली अनेक दशके म्हटले जात आहे, आणि तरीही ‘सौभद्र’ अधूनमधून कोठेतरी लागते. ते लागते, याचे कारण कोणीतरी दुसऱ्याच्या जागी उभे राहावयास तयार असते. त्या प्रयोगाला आपण जावे, वही घेऊन जावे आणि त्याचे नाव लिहून घ्यावे.