जलअस्वलाची उसनी जनुके

टार्डिग्रेड ऊर्फ जलअस्वल हा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा, आठ पायांचा प्राणी. सुकवा, गोठवा, तो तगून राहतो. त्याची सुमारे १७.५ टक्के जनुके परक्या जीवांकडून, मुख्यतः जिवाणूंकडून आली आहेत, असे नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या गटाने जाहीर केले, तेव्हा बातमी जगभर झळकली. आठवड्यानेच एडिनबरा विद्यापीठाच्या गटाने त्याच जातीचा आपला जनुकसंच पुढे ठेवला. त्यात उसनवारी जवळपास नव्हतीच. पुढच्या अभ्यासांतही ती एक-दोन टक्क्यांपलीकडे गेली नाही.

मग इतकी जनुके आली कुठून? एवढ्याशा जिवातून पुरेसा डीएनए मिळत नाही, म्हणून हजारो जलअस्वले एकत्र घेतली जातात. त्यांच्या पोटातले, अंगावरचे, पाण्यातले जिवाणूही सोबत येतात. यंत्र सगळ्यांचेच डीएनए वाचते. संगणक ते तुकडे जोडतो, पण कुठला तुकडा कोणाचा हे त्याला ठाऊक नसते.

भेसळ ओळखता येते. परके जनुक खरोखर प्राण्याचे झाले असेल, तर शेजारी प्राण्याचीच जनुके सापडतात आणि एकाच लांब, सलग वाचनात ती सारी एकत्र दिसतात. ते बाकीच्या जनुकांइतक्याच वेळा वाचले जाते. एडिनबराच्या गटाने हेच तपासले. संशयित तुकड्यांचे प्रमाण जुळत नव्हते आणि त्यांतली बहुतेक जनुके प्राण्यात कामही करत नव्हती.

हा केवळ प्राणिशास्त्रज्ञांचा वाद नाही. कर्करोगाच्या प्रत्येक प्रकारात जिवाणूंची वेगळी खूण असते, असा दावा करणारा २०२० चा 'नेचर'मधला निबंध २०२४ मध्ये मागे घेतला गेला. तिथे माणसाचाच डीएनए जिवाणूंच्या नावावर जमा झाला होता. अशा खुणांवर उद्या रक्ततपासण्या विकल्या जातील, म्हणून भेसळीची तपासणी निबंधासोबतच छापण्याची सक्ती हवी, असे मला वाटते. आणि आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी थोडा दम धरायला हवा.

खरी उसनवारीही असते. कापूस उत्पादकांना डोकेदुखी ठरलेल्या पांढऱ्या माशीत वनस्पतीचे एक जनुक आहे; झाडातले विष ती त्याच्याच जोरावर पचवते. चिनी संशोधकांनी २०२१ मध्ये तेवढे एकच जनुक बंद पाडणारे टोमॅटोचे झाड तयार केले. त्यावर सोडलेल्या जवळजवळ सगळ्या माश्या मेल्या.