लढाईआधीचा वाफसा



वॉटर्लूचं नाव तुम्ही शाळेत वाचलं असेल. बेल्जियम देशातलं हे गाव. १८ जून १८१५ रोजी तिथं फ्रान्सचा बादशहा नेपोलियन हरला. समोरचा इंग्रज सेनापती वेलिंग्टन आपल्याला परका नाही. १८०३ साली जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला, तो हाच.

त्याच रानात आजही हौशी मंडळी जुने पोशाख घालून त्या लढाईचा खेळ करतात. २०१५ साली २०० वर्षं झाली, तेव्हा ५ हजारांवर माणसं आणि सुमारे ३०० घोडे जमले होते. चित्रफीत मिळाली तर पाहा. पण धुरापेक्षा आधीच्या तयारीकडे लक्ष द्या.

ठिणगी पाडणारी गारगोटी घट्ट बसली आहे का, हे शिपाई पाहतो. कागदाच्या पुड्यांत दारू मोजून भरलेली असते, गोळी मात्र नसते. नायक एकेकाची बंदूक तपासतो. घोडेवाला तंग ओढून पाहतो, नाल चाचपतो. घोड्याला तोफेच्या आवाजाची सवय आधीपासून हळूहळू लावावी लागते. त्या दिवशी ऐन वेळी ते जमत नाही.

आता खऱ्या लढाईचं पाहा. आपल्याकडे तो मृगाचा काळ. आदल्या दिवशी आणि रात्रभर तिथं धो धो पाऊस झाला. चिखलात तोफा हलेनात, घोड्यांचे पाय रुतू लागले. जमीन थोडी सुकावी म्हणून नेपोलियन थांबला. आपल्या भाषेत, तो वाफशाची वाट पाहत होता! तोंड लागायला साडेअकरा वाजले. दुपारनंतर प्रशियाची फौज वेलिंग्टनच्या मदतीला पोचली आणि पारडं फिरलं. हरण्याची कारणं अनेक, पण त्यात हेही एक.

आणखी एक गोष्ट विसरू नका. ती लढाई शेतातच झाली. उंच वाढलेलं राय नावाचं धान्य फौजांनी तुडवलं. उगोमाँ नावाच्या वाडीतली कोठारं जळाली. खेळात पडलेली माणसं कपडे झटकून उठतात. त्या शेतकऱ्यांचं पीक पुन्हा उठलं नाही.

बादशहालासुद्धा वाफशापुढं थांबावं लागलं, तिथं आपण घाई का करावी? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका. पण वाफशासाठी थांबणं वेगळं आणि वाफसा आल्यावर दोर शोधत फिरणं वेगळं. पाभरीचे फण, जू, दोर आत्ताच पाहून ठेवा. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरणीजोगं समजा. हे काम घरातली पोरंही हौसेनं करतील.

वाफसा फार दिवस टिकत नाही. तो येईल तेव्हा तुमची पाभर बांधावर उभी असू द्या.