यंत्राला मंजुरी, बैठकीला नाही

लहान कारखानदारीसाठी कर्ज मागणाऱ्या तरुणाच्या अर्जासोबत जे दरपत्रक जोडलेले असते, त्यात मिलिंग यंत्राची किंमत, मोटारीची अश्वशक्ती, टेबलाची लांबी-रुंदी, कर, वाहतूक आणि हमाली इथपर्यंतचा सारा तपशील बिनचूक उतरलेला असतो. परंतु हे यंत्र उभे राहणार ते कशावर, आणि त्याच्या कटरवर तो गार ठेवणारा द्रव, म्हणजे कुलंट, येणार तो कोठून, याविषयी त्या कागदावर बहुधा अवाक्षर नसते. बँकेचा अधिकारी ते विचारीत नाही, कारण त्याच्या दप्तरी तारण म्हणून नोंदले जाते ते यंत्र. विक्रेता सांगत नाही, कारण आकडा फुगलेला दिसला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळेल अशी त्याला धास्ती. आणि अर्जदार स्वतः बोलत नाही, कारण मंजूर होणारी रक्कम जेमतेम यंत्रापुरती पुरणार हे त्याला ठाऊक असते. मग औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या गाळ्यात यंत्र येऊन दाखल होते, शेजारच्या वेल्डरकडून अँगलचे चार पाय जोडून एक घडवंची तातडीने करून घेतली जाते, आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडून मधूनमधून कटरवर धार सोडण्याची कामगिरी एखाद्या पोरसवदा मदतनिसाकडे सोपवली जाते. स्टँड आणि कुलंट यांना किरकोळ खर्चात ढकलण्याची ही जी वहिवाट पडली आहे, ती मोडली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

धातूचे काम आमच्या नगर शहराला नवे नाही. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली, सुमारे पंचावन्न टन वजनाची मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ साली ओतली गेली ती याच शहरी, आणि ती ओतणारा महंमद बिन हसन रूमी हा निजामशाहीच्या चाकरीत होता. ती डागणारा गोलंदाज कानठळ्या चुकवण्यासाठी शेजारच्या हौदात बुडी मारीत असे, अशी आख्यायिका तेथे हौसेने सांगतात. खरेखोटे काहीही असो, भक्कम बैठक आणि हाताशी पाणी या दोहोंची तजवीज त्या काळच्या अंमलदारांनी तोफेच्या जोडीनेच केली होती, एवढे श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही. अलीकडच्या काळात १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९७२ साली नगरच्या किनेटिक इंजिनिअरिंगची लूना बाजारात आली, आणि अशा मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने सुटे भाग करून देणाऱ्या लहान-मोठ्या वर्कशॉपांची वस्ती वाढत गेली. मोठ्या कारखान्यात जड यंत्र बसवायचे म्हणजे आधी खड्डा, मग काँक्रीट, मग फाउंडेशन बोल्ट, आणि काँक्रीट पुरते मुरल्यावर लेव्हल, असा क्रम ठरलेला असे. पायाचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र कलम म्हणून मांडलेला असे आणि त्यावर कोणी कुरकुर करीत नसे. लहान यंत्राने ही शिस्त बिघडवली. पन्नास-साठ किलोपासून दोन-तीनशे किलोपर्यंत भरणारे यंत्र चार माणसांनी उचलून टेबलावर ठेवता येते, आणि उचलून ठेवता येते म्हणून ते ठेवले की झाले असा समज होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे: मोठ्या यंत्राचे स्वतःचे वजनच पुष्कळसा कंप गिळून टाकते, तर लहान यंत्राला ते सामर्थ्य त्याच्या स्टँडकडून उसने घ्यावे लागते.

मिलिंगमध्ये कटर धातू सलग कापीत नाही. त्याचा एकेक दाता येऊन ठोका मारतो आणि निघून जातो. चार दात्यांची एंडमिल मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरवली तर जॉबवर मिनिटाला ४,००० म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ ठोके पडतात, आणि स्टँडची स्वतःची डुलण्याची लय या ठोक्यांच्या लयीशी जुळली, की यंत्र किंचाळू लागते, पृष्ठभागावर लाटा उमटतात, आणि महागडी एंडमिल टोकाशी कपचा उडून निकामी होते. दोष मात्र कटरच्या कंपनीला दिला जातो. आमचे वेल्डर स्टँड करताना पायांना आडव्या पट्ट्या भरपूर जोडतात, परंतु तिरकस पट्टी जोडायला नाखूष असतात, कारण ती दिसायला वाकडी आणि तिच्यामुळे खालचा कप्पा अडतो. वस्तुतः डोलणारी चौकट थांबते ती तिरकस पट्टीने, किंवा तीन बाजूंनी पक्का पत्रा मारल्याने. पोकळ चौकोनी नळ्यांचे पाय असतील तर त्यांत कोरडी वाळू ठासून भरावी, वर दोन-तीन इंच जाडीची काँक्रीटची लादी बसवावी, आणि व्हाइसची उंची काम करणाऱ्याच्या कोपराच्या आसपास येईल असे पाहावे. दिवसभर वाकून हँडल फिरवणाऱ्याच्या कमरेचा हिशेब कोणत्याच दरपत्रकात नसतो. पायांखाली रबराचे तुकडे घातले की कंप गेला, असे मानणारेही पुष्कळ भेटतात. रबराने शेजारच्या गाळ्याला होणारा उपद्रव कमी होतो, पण हलक्या स्टँडचे डोलणे थांबत नाही, कित्येकदा वाढते.

याहून सूक्ष्म, आणि म्हणून अधिक घातक, असा एक दोष आहे. स्टँडचा माथा सपाट नसेल आणि यंत्राचे चार बोल्ट त्यावर पान्याने आवळले, तर बिडाची बैठकसुद्धा केसभर पिळते, आणि तिच्यावरचा खांब त्या पिळासोबत कलतो. पारख करणे अवघड नाही. स्पिंडलला डायल लावावा, तो टेबलावर गोल फिरवून चारही दिशांचे आकडे वहीत टिपावेत, मग एकेक बोल्ट सैल करून पुन्हा तेच करावे. काटा जागचा हलला नाही तर बैठक निर्दोष, आणि दोन-चार घरे सरकला तर ज्या कोपऱ्याखाली फट आहे तेथे पितळी शिम सरकवून, फट पुरती भरल्यावरच बोल्ट आवळावा. डायलचे एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. वाहनांच्या सुट्या भागांत दोन-तीन घरांवरून सबंध माल परत येतो, आणि तो परत आला की ठपका कारागिराच्या हातावर येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जोडारी, कातारी आणि यंत्रकारागीर हे व्यवसाय शिकवले जातात. माझी सूचना अशी, की यंत्रकारागिराच्या परीक्षेत तयार यंत्रावर जॉब करून दाखवण्याच्या जोडीने, मुद्दाम वाकड्या बसवलेल्या यंत्राची बैठक सरळ करून दाखवणे हाही प्रश्न असावा.

आता कुलंट. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९०६ साली धातू कापण्याच्या कलेवर जो विस्तृत निबंध वाचला, त्यात त्याने नमूद केले आहे, की पोलाद कापताना हत्याराच्या नेमक्या टोकाशी पाण्याची जाड धार सोडली तर कापण्याचा वेग शेकडा तीस ते चाळीस वाढवता येतो, हे त्याला १८८३ च्या सुमारास प्रयोगान्ती आढळून आले. आणि दुसऱ्याच वर्षी मिडव्हेल पोलाद कारखान्याच्या नव्या वर्कशॉपात प्रत्येक यंत्राखाली लोखंडी परात, तिच्यातून जमिनीखालून जाणारी नळी, मध्यवर्ती विहीर, पंप आणि उंचावरची टाकी अशी सर्व व्यवस्था करण्यात आली, व लोखंड गंजू नये म्हणून त्या पाण्यात सोडा मिसळण्यात आला. ही गोष्ट गुप्त ठेवलेली नव्हती, तरी प्रतिस्पर्ध्यांनी तिचे अनुकरण करायला वर्षानुवर्षे घेतली, याविषयी टेलरने आश्चर्य व्यक्त केले आहे. त्याला नगरचे गाळे दाखवले असते तर ते आश्चर्य अद्याप ताजे राहिले असते. बाटलीची धार म्हणजे कुलंट नव्हे. कार्बाइडचा तापलेला कटर आणि त्यावर मधूनच पडणारे गार पाणी यांचा संयोग झाला की कटरच्या धारेला सूक्ष्म तडे जातात. तेव्हा एकतर धार अखंड हवी, नाहीतर कोरडे कापून कीस हवेच्या झोताने उडवावा हे श्रेयस्कर. बीड आणि पितळ तर सामान्यतः कोरडेच कापतात; बिडाची भुकटी कुलंटमध्ये गेली की तिचा चिखल होऊन पंप बसतो. ॲल्युमिनियम मात्र दात्यांना चिकटते, म्हणून जुने मिस्त्री त्यावर रॉकेल सोडीत. गाळ्यात विजेची ठिणगी आणि विडी दोन्ही हजर असताना हा प्रकार बंद झाला तर बरे.

अखंड धारेसाठी फार मोठा खटाटोप लागत नाही. स्टँडच्या खालच्या कप्प्यात वीस-तीस लिटरची पत्र्याची टाकी, तिच्यात मध्ये एक अडसर, म्हणजे परत येणारा द्रव एका बाजूला पडून कीस तेथेच बसावा आणि दुसऱ्या बाजूने निवळ द्रव उचलला जावा. परतीच्या तोंडाशी जाळी. आणि यंत्राभोवती काठ वळवलेली परात, हा झाला सगळा सरंजाम. पंप म्हणून आमच्याकडे खोलीच्या कूलरचा पंप सर्रास टाकीत सोडतात. तो काही दिवस चालतोही. परंतु तो स्वच्छ पाण्यासाठी केलेला असतो, बारीक कीस त्याच्या पंख्यात अडकतो, आणि मुख्य म्हणजे विजेची वायर सदैव ओल्या लोखंडी पत्र्याला लागून राहते. ज्याला हाच पंप वापरणे भाग आहे त्याने निदान गळती होताच वीज तोडणारे स्वयंचलित बटण आधी बसवून घ्यावे.

या विषयाची खरी नगरी अडचण पाण्याची आहे, आणि तिच्याकडे तज्ज्ञांचेही लक्ष गेलेले दिसत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा मुलूख. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सोडला तर जिल्ह्याची तहान धरणावर, टँकरवर आणि बोअरवर भागते, आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. कुलंटचे तेल वीस भाग पाण्यात एक भाग या बेताने मिसळले की दुधासारखे पांढरे मिश्रण होते; पाण्यात तेल ओतायचे, तेलात पाणी नव्हे, हा क्रम उलटला तरी मिश्रण नासते. पाणी जड असेल तर त्यातले क्षार तेलातील साबणी द्रव्याशी जुळून वर चिकट साय धरतात, आणि खाली उरलेले पाणी यंत्राला गंज चढवते. शिवाय काम चालू असता पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि रोज वरून तेच जड पाणी ओतले की महिनाभरात टाकीतील क्षारांचे प्रमाण मूळच्या कितीतरी पट होते. उन्हाळ्यात नगरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे किती झपाट्याने घडते ते तेथे उभे राहिलेल्यालाच कळेल. उपाय डोक्यावरच आहे: त्याच पत्र्यावरून जून ते सप्टेंबर जे पाणी वाहून जाते ते निसर्गाने दिलेले मऊ पाणी असून, पहिल्या एक-दोन सरी वाहू देऊन पुढचे पाणी झाकणबंद पिंपांत धरले, तर तीस लिटरच्या टाकीला ते पुष्कळ दिवस पुरेल. पिण्यासाठी जारचे पाणी विकत घेणाऱ्या गाळ्यात उरलेल्या महिन्यांत एखादा जार टाकीत ओतणेही परवडण्याजोगे आहे.

नासलेल्या कुलंटची कैफियत आणखी वेगळी. यंत्रातून गळणारे वंगण टाकीवर तवंग धरते, तवंगाखाली हवा पोहोचत नाही, तेथे जंतू माजतात, आणि सुट्टीनंतरच्या सकाळी शटर उघडताच सडक्या अंड्यांचा वास येतो. असल्या द्रवात दिवसभर हात घालणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत चट्टे उठतात, कातडी भेगाळते. आणि विजेवर चालणाऱ्या पण वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या गाळ्याला कारखान्यांचा कायदा सहसा शिवत नसल्यामुळे इन्स्पेक्टर तेथे फिरकत नाही. कुलंट बदलला तर जुना जातो कोठे? गटारात, आणि शहरातील गटाराचे पाणी सीना नदीत. घातक कचऱ्याविषयीचे २०१६ चे नियम वापरलेल्या तेलाला आणि तेलयुक्त अवशेषांना घातक कचऱ्यातच गणतात, आणि अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीचे सामाईक केंद्र नगर-पुणे रस्त्यावरच, रांजणगावला, आहे. परंतु वीस लिटर काळ्या पाण्यासाठी कोणता गाळेधारक टेम्पो भाड्याने घेऊन तिकडे जाईल? नियम करणाऱ्यांनी मोठ्या कारखान्याचे पिंप डोळ्यांपुढे ठेवले, लहान्याचा डबा त्यांच्या हिशेबी आलाच नाही.

यावर मला हमखास ऐकवले जाते, की आता संगणकावर चालणारी बंद पेटीतील यंत्रे आली आहेत, त्यांत बैठक, टाकी, पंप सारे घडवूनच येते, सबब लहान मिलिंगची चिंता वाहण्याचे कारण नाही. ज्याच्याजवळ तेवढे भांडवल आहे त्याच्यापुरते हे खरे. पण राहुरी-श्रीरामपूरकडे पंपाच्या शाफ्टला चावीची खाच पाडून देणारा, ट्रॅक्टरचा मोडलेला कंस एका दिवसात करून देणारा मिस्त्री लहान यंत्रावरच पोट भरतो, आणि मोठ्या यंत्रावर पुढे काम करणारा कारागीरही आधी येथेच हात बसवतो. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे अशांच्याच साहाय्यासाठी अस्तित्वात आहेत. मिलिंग यंत्राचे दरपत्रक स्टँड, परात, टाकी आणि पंप यांच्या कलमांवाचून आले तर ते अपुरे म्हणून परत करावे, एवढा एक आदेश उद्योग केंद्राने आणि बँकांनी काढला तर विक्रेते महिन्याभरात सुधारतील, कारण विक्रेत्याला छापील नमुन्याइतके दुसरे काही लवकर समजत नाही. वापरलेल्या कुलंटसाठी वसाहतीतील उद्योजकांच्या संघटनेने एका शेडमध्ये पिंपे ठेवावीत, गाळेधारकांनी आपापला डबा तेथे आणून ओतावा, नोंद वहीत व्हावी, आणि पिंपे भरली की परवानाधारक वाहनाने ती एकत्र रांजणगावला रवाना व्हावीत. लिटरमागे शुल्क किती आकारायचे हे संघटनेला एका सभेत ठरवता येईल. त्या सभेला कर्ज देणाऱ्या बँकांचे शाखाधिकारी मात्र आवर्जून बोलवावेत, आणि सभेआधी त्यांना एखाद्या गाळ्यात नेऊन चालू यंत्राच्या स्टँडवर हात ठेवायला सांगावे.