प्रोस्टेटचा प्रश्न आणि कमरेचा घेर

साठी उलटलेला पुरुष रात्री तीन-चार वेळा लघवीसाठी उठू लागला, की ‘वयोमानाप्रमाणे हे चालायचेच’ असे म्हणून विषय संपवला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. शवविच्छेदनांवर आधारित १९८४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात पन्नाशी ते साठीदरम्यानच्या सुमारे निम्म्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची कर्करोगविरहित वाढ आढळली होती. मात्र या वाढीचे सारे खापर वयावर फोडणे आता वैद्यकशास्त्राला मान्य नाही.

स्वीडनमधील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, मधुमेह, उच्च रक्तदाब, स्थूलता आणि रक्तातील इन्सुलिनचे वाढलेले प्रमाण असलेल्या पुरुषांत ही ग्रंथी अधिक वेगाने वाढते. २००६ साली बाल्टिमोर येथील दीर्घकालीन पाहणीत अतिस्थूल पुरुषांत ग्रंथी वाढलेली असण्याची शक्यता सुमारे साडेतीन पट अधिक आढळली. इन्सुलिन हे पेशींच्या वाढीला चालना देणारे संप्रेरक आहे; पोटावरची चरबी पुरुषी संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर घडवते आणि शरीरात मंद दाह पेटता ठेवते. म्हणजेच चयापचयाचे बिघडलेले गणित हृदय व मूत्रपिंडांपुरते मर्यादित राहत नाही.

भारताच्या दृष्टीने हे चिंताजनक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. आज चाळिशीत असलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा शहरी नोकरदार वीस वर्षांनी मूत्रविकारतज्ज्ञांच्या दारात रांग लावणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपली व्यवस्था मात्र आजाराच्या शेवटच्या टोकाला उभी आहे. आयुष्मान भारत योजनेचे छत्र २०२४ साली सत्तरीपुढील सर्व नागरिकांवर धरले गेले, हे स्वागतार्हच. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचा खर्च उचलते. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी व गोळ्यांचा भार रुग्णावरच राहतो. शिवाय मधुमेहाचा डॉक्टर लघवीबद्दल विचारत नाही आणि मूत्रविकारतज्ज्ञ साखरेकडे पाहतोच असे नाही. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी रक्तदाब उतरतो. रक्तदाबाचे औषध आधीच सुरू असलेला वृद्ध अशा वेळी रात्री उठताना भोवळ येऊन पडू शकतो. दोन चिठ्ठ्या दोन खिशांत ठेवण्याची ही किंमत.

वजन घटवल्याने वाढलेली ग्रंथी पुन्हा आक्रसते, असा ठाम पुरावा अद्याप नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. लघवी तुंबलेल्या रुग्णाला चालायला जाण्याचा सल्ला पुरेसा नाही. त्याला तातडीने उपचारच हवेत. परंतु नियमित शारीरिक हालचाल करणाऱ्यांत हा त्रास कमी आढळतो, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे.

तिशीवरील नागरिकांची मधुमेह व रक्तदाब तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम देशात आहेच. त्यात पन्नाशीपुढील पुरुषांसाठी कमरेचे माप आणि जगभर वापरली जाणारी सात प्रश्नांची लघवीविषयक लक्षणपत्रिका यांची सक्तीने सांगड घालण्यास फारसा खर्च येणार नाही. आशियाई पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० सेंटिमीटर आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षा मोजपट्टी केव्हाही स्वस्त.