ताळा कुणी पाहायचा?

साठी उलटल्यावर मी कॉम्प्युटरवर फॉर्म्युला लिहायला शिकले. हौस म्हणून नव्हे, सोसायटीचं खजिनदारपद गळ्यात पडलं म्हणून! आधीचे खजिनदार अण्णा पंधरा वर्षं जाडजूड वहीत हिशेब लिहीत. कमिटीने ठरवलं, आता सगळं एक्सेलमध्ये.

मुलगी माझी मास्तरीण झाली. पहिला धडा, चौकटीत आधी बरोबरचं चिन्ह. शाळेत ते शेवटी येई. मी विसरले, की लिहिलेलं जसंच्या तसं निमूट समोर उभं! दुसरा धडा डॉलरचा. थकबाकीवरच्या व्याजाचा दर एका चौकटीत लिहिला आणि फॉर्म्युला खाली ओढला. पहिल्या घराचं व्याज बरोबर, पुढच्या सगळ्यांना शून्य. "आई, तू एक ओळ खाली गेलीस की दर शोधायला तोही एक ओळ खाली जातो. त्याला डॉलरचा खिळा ठोक." ठोकला, आणि सगळे आकडे भराभर उमटले. पहिली पोळी फुगली तेव्हा झाला होता, तसा आनंद झाला.

घात झाला मार्चअखेरीला. कोष्टकातली शिल्लक प्रत्यक्ष रकमेपेक्षा ७,४०० रुपयांनी जास्त. म्हणजे तेवढे पैसे गेले कुठे? पहिले सहा महिने अण्णांनी सांभाळलेले. सभेत कुणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटर कसा चुकेल?" अण्णा गप्प राहिले. मीही गप्प राहिले, आणि ते मला आजही बोचतं.

त्या रात्री अण्णांची वही काढली. प्रत्येक पानाखाली पेन्सिलीच्या दोन बारीक खुणा होत्या. एक वरून खाली केलेल्या बेरजेची, दुसरी खालून वर केलेल्या. मीही खर्च हाताने मिळवला. टाकी सफाईचे ३,२०० आणि पंपदुरुस्तीचे ४,२०० ही बिलं मी शेवटी, ४२ आणि ४३ व्या ओळीत लिहिली होती. माझा बेरजेचा फॉर्म्युला ४१ व्या ओळीवरच थांबत होता. यंत्र चुकलं नव्हतं. विचारलं तेवढंच त्याने सांगितलं होतं.

अशी चूक थोरामोठ्यांकडूनही होते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली देशांवरचं कर्ज आणि त्यांची वाढ यांवर निबंध लिहिला. अनेक देशांतल्या काटकसरीच्या धोरणाला त्याचा आधार दिला गेला. २०१३ साली थॉमस हर्नडन या अमेरिकन विद्यार्थ्याला आढळलं, की सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देशांच्या ओळी आल्याच नाहीत. निबंधावर त्याचे इतरही आक्षेप होते. मूळ निष्कर्षावर लेखक ठाम राहिले. कोष्टकातली चूक मात्र त्यांनी मान्य केली.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिसिकॅल्क' आणलं, तेव्हा लोकांना नवल वाटलं ते याचं, की एक आकडा बदलला तर सगळा हिशेब आपोआप बदलतो. सोय तीच, धोकाही तोच. चूकही तितक्याच आपोआप सगळीकडे पोचते, आणि नीटनेटक्या रकान्यांत ती चूक वाटतही नाही.

म्हणून मला वाटतं, फॉर्म्युला शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी ताळाही शिकवावा. लहानपणी गुरुजी ताळा पाहिल्याशिवाय पाटी पुसू देत नसत. तो संस्कार पाटीबरोबर हरवायला नको.

पुढच्या सभेत मी उभी राहिले आणि चूक माझी होती असं सांगितलं. अण्णा एवढंच म्हणाले, "ताळा पाहिलात ना? मग झालं."

आता माझ्या कोष्टकात सर्वांत वर एक चौकट आहे. हिशेबातली शिल्लक वजा बँकेतली आणि हातातली रक्कम. तिथे शून्य आलं नाही, तर मी आधी माझ्या फॉर्म्युल्याकडे बघते, माणसांकडे नंतर.